रक्ताचं किती, लेंडीखताचं किती

मुक्काम गवत (खरोखरच; खोलीच्या दारापासून डोंगरापर्यंत दुसरं काही नाही), ओरेगन.
ऑगस्ट, पेंढा जाळायचे दिवस.

तीर्थस्वरूप कूका आत्याबाई,

तुमचा भाचा नीकांद्रो तुमच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवतो. (दुरूनच ठेवतोय. जवळून ठेवलं की तुम्ही पाय काढून घेता आणि डोकं फरशीवर आपटतं, हा लहानपणापासूनचा अनुभव आहे.) मी इकडे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? गिरणीचा पट्टा मधेच निसटून बायकांच्या डोक्यावरून जायचा, तो शिवून घेतलात की बायका अजून वाकूनच दळण नेतात? डुकरिणीला पिल्लं झाली असतील. त्यातलं कानावर ठिपका असलेलं माझं, ते विकू नका. (विकलं असेल तर कळवू नका.) इकडची हवा चांगली आहे, म्हणजे धुरामुळे दिसत नाही, पण चांगली असावी.

फोन सोडून पत्र लिहायचं कारण असं, की तिकडे ओक्साकाच्या डोंगरात आपल्या गावात फोन एकच, तोही दुकानात, आणि दुकानदारीण भोंग्यावरून नाव पुकारते. नाव पुकारलं की तुमच्याआधी अख्खं गाव येऊन बाकावर बसतं. मागच्या खेपेला मी तुम्हाला मांडीवरच्या गळवाचं सांगितलं, तर रविवारी पाद्रीबाबांनी माझ्या मांडीसाठी सगळ्यांना गुडघ्यावर बसवलं. गळू बरं झालं, त्याबद्दल त्यांचे आभार माना, पण काही गोष्टी घरातल्या घरात राहिलेल्या बऱ्या. म्हणून पत्र. पाकिटाला दोनदा डिंक लावणार आहे, कारण यंदा टपालाची पिशवी वाटायचं गावकीचं काम हेर्मिलोकाकांकडे आलंय, आणि ज्याच्या नावाचं तो घरी नसला की ते पत्र ‘कोणाचं ते कळावं म्हणून’ उघडतात. तुम्ही दारातच उभ्या राहून घ्या.

तर मुद्दा असा आहे की मुद्दा नंतर. आधी हेर्मिलोकाकाच. गेल्याच्या आधीच्या नाताळात मी एल्पिदियाला मागणी घालायला त्यांच्याकडे गेलो होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही पलीकडच्या खिडकीत होतात. तरी पुन्हा सांगतो, कारण खिडकीतून तुम्हाला त्यांचंच ऐकू आलं असेल. माझं ऐकू येण्याजोगं काही नव्हतं. मी धुतलेला शर्ट घालून, पावांची टोपली आणि मेस्कालची बाटली घेऊन उभा, आणि काका खुराड्यासमोर, काखेत झुंजीचा कोंबडा. बस म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘पोरा, ह्याचा बाप पाहिला होतास? त्याचा बाप? तीन पिढ्यांत एकाने मैदानात पाठ दाखवली नाही. रक्त म्हणतात याला. आता तुझं सांग. आजा कुठाय?’ मी म्हटलं, आजोबा मीठ आणायला गेले होते. ‘मग? आणलं?’ मी टोपली या हातातून त्या हातात घेतली. ‘आणि बाप?’ मी म्हटलं, बाबा बँडवाल्यांचा ढोल उचलायला गेले होते, पुढच्या गावापर्यंतच. ‘ते पुढचं गाव अजून लागलं नाही वाटतं,’ असं म्हणून काका हसले. आत्याबाई, तुम्हाला खोटं वाटेल, पण कोंबडाही हसला.

मग म्हणाले, तुमच्या घरातल्या पुरुषांची पाठ तेवढी गावाच्या ओळखीची आहे, तोंड कोणाला आठवत नाही. आमच्याकडे चार पिढ्यांत कोणी देवळाच्या घंटेच्या आवाजापलीकडे झोपायला गेलेलं नाही. माझी पोर असल्या पळपुट्या रक्तात देणार नाही. (मेस्काल ठेवून घेतली.) आता मृतांच्या सणाला एल्पिदियाचं मेणबत्तीवाल्याच्या पोराशी पक्कं करणार म्हणे. त्या पोराचा गुण एकच, तो उंबऱ्यावरून हलत नाही. मी पाहिलाय. हलत नाही, कारण झोपलेला असतो.

ही ठिणगी डोक्यात घेऊन मी इकडे परत आलो आणि गवताच्या पैदाशीच्या कामाला लागलो. (आधीची कामं मोजून दाखवू नका. वाकून पाठ गेली म्हणून स्ट्रॉबेरी सोडली, हात चिकट झाले म्हणून नाताळची झाडं सोडली, अंधार होता म्हणून अळिंबी सोडली. प्रत्येकाला कारण आहे. उडाणटप्पूला कारण नसतं.) इथली माणसं दारापुढे गवत पेरतात. गाईसाठी नाही, बकरीसाठी नाही, बघण्यासाठी. त्याला पाणी घालतात, खत घालतात, आणि बिचारं जरा डोकं वर काढू लागलं की कापून टाकतात. हे तुमच्या गाईच्या कानावर जाऊ देऊ नका, आटेल. त्या गवताचं बी आमच्या या खोऱ्यात पिकतं, आणि त्याच्या नव्या जाती काढायचं काम आमच्या बाई करतात. बाई म्हणजे डॉक्टर लॉर्ना. माणसांच्या नव्हेत, गवताच्या. उंच आहेत, पण मी त्यांना उभं फार कमी वेळा पाहिलंय. वाफ्यात पालथ्या पडून पात्यांशी काहीतरी बोलत असतात. आपली भाषा चांगली बोलतात, फक्त शिव्या कुठे घालायच्या ते अजून कळत नाही.

बाईंचं दुखणं असं. हिरवळ लावणाऱ्याला गवत बुटकं, दाट, गर्द हवं, बी धरायच्या भानगडीत न पडणारं. आणि बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्याला तेच गवत ओंब्यांनी लगडलेलं हवं, नाहीतर तो पेरतोय कशाला? म्हणजे एकच रोप गिऱ्हाइकाच्या दारात ब्रह्मचारी आणि शेतकऱ्याच्या रानात लेकुरवाळं पाहिजे. असलं स्थळ आपल्या गावात कोणी मागितलं तर मध्यस्थाला लोक वेशीपर्यंत दगड मारत नेतील. बाई मात्र आल्यापासून तेच शोधतायत. देखणी रोपं बी देत नाहीत, बी देणारी रोपं बघवत नाहीत. बाई त्यांना नंबर देतात. मला नंबरांचा कंटाळा, म्हणून मी नावं दिली. एक आहे ती तुमच्यासारखी, ठेंगणी आणि दोन्ही हात कमरेवर. एक हेर्मिलोकाका आहेत: ताठ, डौलदार, ओंब्या टपोऱ्या, आणि विळा दिसला रे दिसला की सगळा दाणा भुईवर गाळून मोकळे.

नवी रोपं बाई जुन्या जागांतून आणतात, जिथलं गवत पिढ्यान्‌पिढ्या कोणी नांगरलं नाही अशा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे कबरस्तान. गेल्या शरदात मलाही नेलं होतं. बाईंनी एका कबरीशी गुडघे टेकले, मला वाटलं प्रार्थना करतायत, तर खिशातून खुरपं काढून गवताचा झुबका उचकटायला सुरुवात! आपल्यात कबरीवरचं वाळकं फूलसुद्धा मालकाला विचारल्याशिवाय उचलत नाहीत. बाईंनी रखवालदाराला विचारलं होतं, पण रखवालदार काही खाली झोपलेला नव्हता. मग मीच टोपी काढली आणि म्हटलं, आल्बेर्तोसाहेब (दगडावर आल्बर्ट असं काहीसं होतं, पुढचं मला वाचता आलं नाही), तुमच्या पांघरुणाचं एवढंसं टोक नेतोय, राग धरू नका. आजपासून हे आमच्या घरचं. आम्ही अर्धपोटी राहू, पण ह्याला उपाशी ठेवणार नाही. आणि शब्द पक्का व्हावा म्हणून डब्यातली घेवडा घातलेली मक्याची तोर्तिया कबरीवर ठेवून आलो. ती सापडली आल्बेर्तोच्या म्हातारीला. तिने रखवालदाराकडून नंबर घेऊन बाईंना फोन केला, की घेवडा त्यांना बाधतो म्हणून मी जन्मभर घरात शिजवला नाही, आणि तुम्ही आता त्यांच्या उशाशी नेऊन ठेवता?

तिथून आणलेल्या त्या झुबक्याचं नाव अर्थातच आल्बेर्तो.

आता बाईंची पद्धत नीट ऐका, पुढचं सगळं यावर आहे. प्रत्येक झुबका फोडून त्याचे चार तुकडे करायचे आणि चार वाफ्यांत एकेक लावायचा. हे चार भाऊ नव्हेत हं, एकच माणूस चार गावांत. चारही ठिकाणी त्याने भरपूर बी धरलं, तर ते त्याच्या रक्तात आहे, पोरांतही उतरेल, त्याची जात काढावी. एका ठिकाणी धरलं आणि बाकी ठिकाणी नाही, तर ती जमिनीची कृपा, तिच्यावर जात निघत नाही. त्यासाठी चारही वाफ्यांना पाणी, खत, निंदणी अगदी सारखी पाहिजे. कोणाचा लाड नाही, कोणाचा जाच नाही. हे बाईंनी पहिल्याच दिवशी उभं करून सांगितलं होतं. मी मान हलवत होतो, पण बघत होतो बाईंच्या टोपीवर बसलेल्या भुंग्याकडे.

तिसरा वाफा माझ्या ताब्यात होता. थंडी-पाऊस सरला आणि बघतो तर आल्बेर्तो हडकुळा, पिवळा, चार काड्या कशाबशा उभ्या. शब्द दिलेला, तोही मेलेल्या माणसाला! शेजारच्या रानात हिवाळाभर मेंढ्या बसल्या होत्या, तिथून बादलीभर लेंडीखत आणलं आणि आल्बेर्तोच्या बुडाशी मायेने घातलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण शेजारची दोन रोपं, तीही मरतुकडीच, माझ्याकडे बघत होती. एकाला वाढायचं आणि पंगतीतल्या बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं, हे आपल्या घरात कधी झालंय? तुम्हीच मला चमच्याने मारून शिकवलंत. म्हणून त्यांनाही घातलं. मग त्यांच्या शेजाऱ्यांना. असं करत अख्ख्या वाफ्यातल्या सगळ्या अशक्तांना जेवू घातलं. जी रोपं आधीच पोट सुटलेली होती त्यांना नाही दिलं. ज्याचं झालंय त्याला आग्रह कशाला?

आणि जेवली हो सगळी! जूनमध्ये तिसरा वाफा बघायला माणसं येऊ लागली. आल्बेर्तो माझ्या मांडीइतका. (गळवाच्या नव्हे, दुसऱ्या.) जुलैत कापणी झाली. एकेक रोप विळ्याने कापायचं, त्याची वेगळी पिशवी, मग वाळवायचं, चोळायचं, फुंकायचं, तोलायचं. बाई आकडे घेऊन बसल्या, आणि दिवसेंदिवस त्यांचा चेहरा उतरत गेला. बाकीचे तीन वाफे एक सांगत होते, तिसरा बरोबर त्याच्या उलट. जे रोप तिकडे भिकारी ते इकडे सावकार. सगळं एकत्र मांडलं की उत्तर निघायचं, बी धरण्यात रक्ताचा वाटा जवळजवळ काहीच नाही. इतकी वर्षं निवड करत आणली ती सगळी फुकट, असा त्याचा अर्थ. विद्यापीठातून एक गृहस्थ आले. त्यांनी तिसऱ्या वाफ्याची माती उकरली, चाखायची तेवढी ठेवली. मग उंदरांवर संशय, मग वाऱ्यावर, मग वुल्फ्रानोमामांवर. (आपले शिंप्याच्या आळीतले वुल्फ्रानोमामा. दुसरा वाफा त्यांचा. ते मला म्हणाले, मी या वाफ्याला जन्मात काही जादा दिलेलं नाही, मी तर बायकोलाही देत नाही.)

शेवटी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बाई आल्बेर्तोच्या बुडख्याशी बसून हताशपणे म्हणाल्या, ‘हा असा फोफावला तरी कसा?’ मी इतके दिवस वाटच बघत होतो की माझं कौतुक कोणी कसं करत नाही. छाती पुढे काढून म्हटलं, बाई, मी वाढवला! आणि पुरावा म्हणून धावत जाऊन बादली आणली. वुल्फ्रानोमामांनी तोर्तियाने तोंड झाकून घेतलं. विद्यापीठवाल्यांनी बादलीत वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. बाईंनी बादली पालथी केली, तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘नीकांद्रो, मी यांना उपाशी राहू दे असं म्हटलं होतं का? नाही. सारखं वाढ म्हटलं होतं. सारखं.’ मी म्हटलं, बाई, भूक सारखी नव्हती. त्यावर त्यांनी एक शिवी घातली, आणि आत्याबाई, पहिल्यांदाच अगदी बरोबर ठिकाणी.

कामावरून काढलं नाही. तिसरा वाफा हिशेबातून काढला, मला उन्हातून काढलं. तेव्हापासून मी शेडमध्ये चिमटा घेऊन बसलोय. उरलेल्या तीन वाफ्यांच्या ओंब्या उलगडायच्या आणि कुठल्या ओंबीत किती दाणे भरले, किती पोचट, ते बघायचं. ‘तुला एकेकाची विचारपूस करायची हौस आहे ना,’ बाई म्हणाल्या, ‘घे, कर.’ पण अधूनमधून येऊन शेजारी बसतात आणि समजावून सांगतात. ओंबीची लांबी बरीचशी आईबापांवर जाते. शेवटी पदरात दाणा किती पडेल, हे मात्र फार थोडं. त्यात ऊन, पाऊस, वारा, माती, सगळे हात मारतात. म्हणून तर एवढी तुकड्यांची उठाठेव. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: ‘हे एका रोपाबद्दल नसतं. रानभर रोपारोपांत जो फरक दिसतो, त्यातला किती रक्ताचा, किती मातीचा, एवढंच हे सांगतं. माणसांना लावायला जाऊ नकोस.’ मी मान हलवली. (या वेळी भुंगा नव्हता, मी खरंच ऐकत होतो.)

आणि लगेच माणसांना लावलं.

बघा हं. आजोबा गेले, बाबा गेले, मी गेलो. काका म्हणतात रक्त. पण आम्ही तिघेही वाढलो कुठे? त्याच ओढ्यावरच्या उतारावर, जिथे मका पेरला की दगड उगवतात आणि बकऱ्यासुद्धा जेवायला खाली उतरतात. सगळे एकाच वाफ्यातले! एका वाफ्यावरून रक्त कळत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणजे मी सांगतोय. रक्ताची परीक्षा घ्यायची तर त्याच झुबक्याचा तुकडा दुसऱ्या मातीत लावून बघायला हवा. तसा तुकडा आहे. तुम्ही! बाबांची सख्खी बहीण, तेच रक्त, पण लग्न होऊन गिरणीत पडलात आणि तेव्हापासून जाग्यावरून हलला नाहीत. जात्याच्या दगडापेक्षा घट्ट. म्हणजे आमच्या रक्ताला बुडाशी गिरणी मिळाली की ते राहतं! आणि हेर्मिलोकाकांचं काय? चार पिढ्या बारमाही झऱ्याच्या रानात. त्यांच्या मुळाशी देव जन्मापासून लेंडीखत टाकतोय, मग कोण कशाला हलेल? त्यांच्या रक्ताची परीक्षा अजून झालेलीच नाही.

दुसरा पुरावा आल्बेर्तो. तिसरा वाफा नांगरायचा ठरला तेव्हा मी बाईंना विचारून त्याला उपटलं आणि त्याच्या मालकाकडे परत नेऊन लावलं. म्हातारी तिथे होती, तिने पाणी घातलं, घेवड्याबद्दल पुन्हा बोलली. मागच्या आठवड्यात जाऊन पाहिलं तर आल्बेर्तो झाला पुन्हा हडकुळा! रक्त तेच, फक्त जागा बदलली. म्हातारी म्हणाली, आमचे हे असेच होते, दुसऱ्याच्या घरी चांगले जेवायचे.

हे सगळं मी वुल्फ्रानोमामांना ऐकवलं. ते म्हणाले, ‘गाढवा, एका आत्याबाईवर कायदा करायला निघालास? तिला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, तसलं तुझं शास्त्र. ती हलली नाही ती गुडघ्यामुळे. आणि तू मला सांग, गेल्या रविवारी बसस्टँडवर उभा राहून गाड्यांच्या पाट्या कोण वाचत होतं?’ मी म्हटलं, वाचायचा सराव करत होतो. (मिशांचं ते म्हणाले, मी नाही.)

असो. पेंढ्याचा धूर खोलीत शिरतोय, डोळे चुरचुरतात, आवरतं घेतो. माझी काळजी नसावी. गावात ज्यांनी माझ्याबद्दल विचारलं त्यांना नमस्कार, ज्यांनी नाही विचारलं त्यांची नावं ठेवा. गिरणीच्या इंजिनाला वेळेवर तेल घाला, गुडघ्यालाही.

तुमच्याच झुबक्याचा एक तुकडा,
नीकांद्रो

ता. क. एवढं लिहून मुद्दा राहिलाच. आत्याबाई, माझ्यासाठी एकदा हेर्मिलोकाकांकडे जा. बोलायचं काही नाही, तुम्ही पुरावा आहात. पुराव्याने नुसतं उभं राहायचं. खुराड्यासमोर, न हलता, ते काय ते समजेपर्यंत. समजलं नाही तर म्हणा, पोरगा सणापर्यंत येतोय, माझ्या गिरणीत राहणार आहे, पट्टा सांभाळणार आहे, आणि पुन्हा कुठे जाणार नाही. मी खरंच राहीन. एल्पिदिया जिथे, तिथे मी, एवढं मला चिमटा धरून बसल्यावर कळलंय. इतका वेळ एका जागी मी जन्मात बसलो नव्हतो.

ता. क. दोन. दाणे गाळणाऱ्या त्या रोपाचं नाव काय ठेवलंय, हे तिकडे बोलू नका.

ता. क. तीन. रविवार. पाकीट बंद करणार तोच वुल्फ्रानोमामा घरी फोन करून आले. हसताहेत, आणि कॉफी प्यायल्याशिवाय सांगणार नाही म्हणतात. प्याले. आता सांगताहेत. आत्याबाई! तुम्ही इंजिन, दगड, पट्टा, सगळं ट्रकवर चढवून सान किंतीनला निघून गेलात? समुद्रकाठी? गावाला म्हणे सांगितलंत, की तिकडे आपली निम्मी माणसं टोमॅटो तोडतात आणि त्यांना धड दळलेलं पीठ मिळत नाही; आणि आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून दळलं, आता समुद्राकडे तोंड करून दळणार. चांगलं केलंत. पण माझा पुरावा ट्रकवर चढून गेला, त्याचं काय? मी जगात एकाच माणसाच्या न हलण्यावर सगळं मांडलं होतं! मामा हसून हसून खाली बसलेत. ‘रक्त रे बाबा, रक्त,’ एवढंच म्हणताहेत.

ता. क. चार. मामांनी दुसरी कॉफी मागितली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. उरलेलं आता सांगताहेत. ट्रकवर मक्याच्या पोत्यांवर गाठोडं घेऊन आणखी एक जण बसलं होतं. एल्पिदिया. गिरणीचं काम शिकायला, असं आईला सांगून. आईने शिदोरी बांधून दिली आणि वेशीपर्यंत सोडायला आली. हेर्मिलोकाका त्या दिवशी पलीकडच्या गावात झुंजीला गेले होते. (कोंबडा हरला म्हणे. पाठ दाखवून.) जाताना एल्पिदिया मामींना सांगून गेली, की नीकांद्रोला म्हणावं, काम संपलं की तिकडे ये, पण बाबा येऊन शेजारी उभे राहिल्याशिवाय मी पाद्रीसमोर उभी राहणार नाही. तिला मी ओळखतो. नाही म्हणजे नाही.

ता. क. पाच. हे पत्र फाडून सान किंतीनच्या पत्त्यावर नवं लिहायचं होतं. मामाही तेच म्हणाले. पण खूप विचार करून मी आहे तसंच, गावाच्याच पत्त्यावर, तुमच्या बंद दाराच्या नावाने टाकतोय. डिंक या वेळी एकदाच लावतोय.

नमस्कार, हेर्मिलोकाका.

त्या रोपाबद्दल माफ करा. दाणे गाळतं, पण बाई म्हणतात डौल लाखात एक. बाकी सगळं तुम्ही वाचलंच आहे. चार पिढ्या जे रक्त घंटेच्या आवाजापलीकडे झोपलं नाही, ते आता समुद्रकाठी माझ्या आत्याबाईंच्या गिरणीत निजतंय, आणि तुम्ही यायची वाट बघतंय. ओक्साका शहरापर्यंत बस आहे, पुढे दुसरी. काकूंना वाट विचारा, त्यांना ठाऊक दिसते. पहिल्या रात्री घंटा ऐकू आली नाही की झोप येत नाही, दुसऱ्या रात्री येते. मी पाहिलंय.

येताना कोंबडा आणा. तो हरलेला चालेल. लग्नाच्या रश्श्यात घराणं कोणी विचारत नाही.